अॅबॅकस लावू, वैदिक लावू, की काहीच नको?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी दुसरीत आहे, सेमी इंग्रजी. सोसायटीतली तिच्या वयाची निम्मी मुलं अॅबॅकसला जातात, एक जण वैदिक मॅथ्सला, आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा तर म्हणे ऑलिंपियाडची तयारी करतोय, तोही दुसरीतच! आमची आकडेमोड करते पण हळू, आणि वजाबाकीत मधेच गोंधळ घालते. परवा अॅबॅकसच्या डेमोला गेलो तर मॅडम म्हणाल्या आठ लेव्हल आहेत, प्रत्येक तीन महिन्यांची, आजच फी भरलीत तर डिस्काउंट. मिस्टर म्हणतात एवढ्याशा पोरीला कसले क्लास. मला वाटतं मागे पडायला नको. काय करू?
— एक आई, चिंचवड

उत्तर : आधी ते डिस्काउंट डोक्यातून काढून टाका, पुढच्या महिन्यातही ते असणारच आहे. आठ लेव्हल गुणिले तीन महिने म्हणजे सरळ दोन वर्षं झाली हो, तेवढं ठरवायला आठवडाभर घेतलात तर काही बिघडत नाही.

मला तुमच्या पत्रातलं ‘वजाबाकीत गोंधळ’ जास्त महत्त्वाचं वाटलं. तिला ५२ वजा २७ कागदावर करायला द्या आणि बाजूला बसून नुसतं बघा, बोलू नका. उत्तर ३५ आलं तर ती हळू नाहीये, तिला दशक सुटे करायचं कळलेलंच नाहीये, दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढून मोकळी होते. खूप मुलं हेच करतात. मग घरातल्या दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये तिच्या हातात द्या आणि म्हणा, मला २७ दे. ती दोन नोटा देईल आणि अडकेल, कारण सात सुटे नाहीतच तिच्याकडे. आता तिलाच सुचू द्या की एक दहाची नोट मोडून आणायला लागेल. हे चार दिवस वेगवेगळ्या आकड्यांनी खेळलात तर निम्मा प्रश्न घरच्या घरी सुटेल, आणि तो सुटायच्या आधी वेगाचा कुठलाही क्लास लावू नका असं माझं स्पष्ट मत.

कारण अॅबॅकस, म्हणजे तारांवर मणी ओवलेली पाटी, काय करतं बघा. प्रत्येक तारेवर वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. सातात आठ मिळवायचे तर आठाचा जोडीदार दोन, म्हणून शेजारच्या तारेवर दहाचा एक मणी लावायचा आणि इकडचे दोन काढायचे, झाले १५. सवयीने मुलं हवेत बोटं हलवून करायला लागतात, पाहुण्यांसमोर फार छान दिसतं ते! बेरीज-वजाबाकी खरंच फास्ट होते, मूल अर्धा तास एका जागी बसायला शिकतं, हेही कमी नाही. पण नियम पाठ असला की मणी बरोबर हलतात, दहा का लावले आणि दोन का काढले हे कळलं नाही तरी उत्तर बरोबरच येतं. म्हणजे तुमच्या लेकीची अडचण तिथे झाकली जाईल. आणि शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी हे काही मणी सांगत नाहीत.

वैदिकचं म्हणाल तर दुसरीत नकोच. ९८ गुणिले ९७ : शंभराला दोन कमी आणि तीन कमी, ९८ मधून ३ गेले ९५, दोन त्रिक सहा, उत्तर ९५०६. मजा आहे यात, पण ज्याला गुणाकार नीट येतो त्यालाच, आणि हे असं का होतं हे पुढे बीजगणितात कळतं. (वैदिक गणित ज्यातून आलं ते भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक छापून आलं १९६५ साली, आणि त्यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत असं अभ्यासकांनी कधीच सांगून झालंय, त्यामुळे नावाला भुलू नका.) रोज वर्कशीट सोडवून घेणारी कुमॉन पद्धत जपानमधल्या तोरू कुमॉन नावाच्या शिक्षकाने १९५४ च्या सुमारास स्वतःच्या दुसरीतल्या मुलासाठी सुरू केली. सराव कमी पडतो अशा मुलांना तिचा उपयोग होतो, आधीच कंटाळलेल्यांना मात्र तीच पानं नकोशी होतात.

आणि ऑलिंपियाड? प्रायमरीच्या मुलांसाठी त्या नावाने ज्या परीक्षा होतात त्या खाजगी संस्थांच्या, खरी गणित ऑलिंपियाड हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांची असते. वरच्या मजल्याचं टेन्शन घेऊ नका. पुढे आवड दिसली तर पुण्यातच भास्कराचार्य प्रतिष्ठानची बीएमटीएससी ही गणिताची स्पर्धा आहे, पाचवी-सहावीच्या मुलांसाठी, त्यातले प्रश्न खरंच डोकं चालवायला लावतात.

तरी क्लास लावायचाच असेल तर डेमोच्या मॅडमकडे बघू नका, रोजच्या बॅचला मागे बसायला मिळेल का विचारा. नाही म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. बसलात तर एवढंच बघा की मुलाचं उत्तर चुकलं की शिक्षक काय करतात. खोडून बरोबर सांगितलं आणि पुढे गेले तर तो क्लास नको. ‘कसं काढलंस, सांग बघू’ म्हणून थांबले तर फी थोडी जास्त असली तरी चालेल. अजून एक, प्रश्न कसले असतात बघा. १, २ आणि ५ च्या नाण्यांनी १० रुपये किती प्रकारे देता येतील? एकूण दहा प्रकार आहेत. मुलं सहा-सात पटकन सांगतात आणि मग एकही सुटला नाही हे कशावरून, यावर वीस मिनिटं भांडतात. असं भांडण ज्या क्लासमध्ये चालतं तिथे खुशाल पाठवा. एका बॅचला चाळीस पोरं असतील तर हे होत नाही, साधी गोष्ट आहे.

प्रश्न : आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) सगळं तोंडपाठ असायचं. नातू चौथीत आहे, सूनबाई क्लास शोधतेय. मी घरीच हे शिकवू का? की आता जुनं झालं?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : शिकवा की काका! फक्त नुसतं घोकून घेऊ नका. ‘तीन दिडे साडेचार’ म्हणताना तीन भाकऱ्या आणि तीन अर्ध्या समोर ठेवा, अपूर्णांक शाळेत येतील तेव्हा त्याला नवे वाटणार नाहीत. सव्वा, दीड, अडीच हे शब्द इंग्रजी मीडियमच्या पोरांच्या कानावरून हल्ली जातच नाहीत, मंडईत सव्वा किलो म्हटलं की बघत बसतात. तेव्हा त्याला सोबत घेऊन मंडईत जा, भाव विचारू दे, अडीच किलोचे किती झाले ते त्यालाच सांगू दे आणि सुटे पैसेही त्यालाच मोजून घेऊ दे. सूनबाईंना क्लास शोधू द्या, त्यावरून घरात वाद नको, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. फक्त पावकी-दिडकी रोज दहा मिनिटांच्या वर नको, नाहीतर तो तुमच्यापासूनही पळेल.