कान का बडवतोय ते आधी बघा

प्रश्न: नमस्कार सिस्टर, माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम, बोलतो पण मोजकंच. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतो. मागे डेंग्यूत ॲडमिट केला तेव्हा त्याने दोनदा सलाईन उपटली, मग रात्री हात बेडला बांधले आणि मला बाहेर बसवलं. आता हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय आणि हा दवाखान्याचं नाव काढलं की बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. हल्ली स्वतःच्या कानावर मारत असतो, डॉक्टर म्हणाले असे पेशंट करतातच. काय करू?

उत्तर: ताई, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी कान. "असे पेशंट करतातच" हे मीसुद्धा नवीन असताना बोललेय, आता लाज वाटते. ज्याला सांगता येत नाही तो मारून, चावून, जेवण बंद करून सांगतो. डाऊन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, आत पाणी साठतं. ईएनटीला दाखवा, जमलं तर दातही बघून घ्या, आणि पोट रोज साफ होतंय का हे तुम्हीच लक्षात ठेवा, तो सांगणार नाही. थायरॉईडची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही.

सलाईनचं म्हणाल तर, आमच्या वॉर्डात एक मुलगा असाच सतत उपटायचा, सगळे वैतागलेले, शेवटी मावशींच्या लक्षात आलं की त्याला लघवीला जायचं असतं आणि नळीमुळे उठता येत नाही! बाटल्यावर बाटल्या चढवायच्या आणि पॉट द्यायचं कुणालाच सुचलं नाही. हात बांधायच्या आधी एवढं तरी विचारायला हवं ना.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटा. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, भूल देताना घशात श्वासाची नळी घालतात तेव्हा मान फार वाकवून चालत नाही. तो घोरतो का, लहानपणी हार्टचं काही निघालं होतं का, हे न विचारता सांगा. ऑपरेशन सकाळी पहिल्या नंबरला मागा म्हणजे उपाशी कमी राहील. सुईच्या तासभर आधी लावायची बधिर करणारी क्रीम मिळते, ती मागा, आणि सुईवर गॉज गुंडाळायला सांगा, डोळ्यासमोर नसली की ओढत नाहीत बरेच जण.

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: लघवी लागली की काय करतो, दुखलं की काय करतो, कशाने शांत होतो. इंग्लंडमध्ये याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात, तिथे अशा पेशंटच्या नर्सिंगची वेगळी पदवीच असते. आपण कागद बेडला चिकटवू, नाईटच्या सिस्टरला तेवढा पुरतो. आणि तुम्ही जवळ थांबणार हे ॲडमिट व्हायच्या आधीच बोलून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उपचारात प्राधान्य द्यायचं लिहिलंय, भांडू नका पण माहीत असू द्या.

ऑपरेशनच्या संमतीवरच्या सहीचं मात्र बघा हं, १८ च्या पुढे बहीण आपोआप कायदेशीर पालक होत नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठीचा, त्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, अर्ज आत्ताच करा. नॅशनल ट्रस्टचीच निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत.

आणि त्याला "फिरायला जाऊ" म्हणून फसवून नेऊ नका. आधी एकदा नुसता वॉर्ड दाखवून आणा. टोचणार आहे, मुंगी चावल्यासारखं होईल असं खरं सांगा. कानात काय निघालं ते मला कळवा.