ब्युटेनच्या ज्वलनाचं समीकरण संतुलित करताना ऑक्सिजन जुळत नाही, काय करू?

ऑक्सिजनला हात सगळ्यात शेवटी लावा. उजवीकडे तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दोन्हींत आहे, म्हणून आधी जुळवला तर पुन्हा बिघडतो. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ अणू, हायड्रोजनचे १०. म्हणजे उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू, पाण्याचे ५. ऑक्सिजन मोजा: ८ + ५ = १३ अणू. डावीकडे तो जोडीनेच येतो, म्हणून विषम संख्येवर गाडं अडतं. तिथे बिनधास्त साडेसहा लिहा आणि सगळे सहगुणक (सूत्रांपुढचे आकडे) दुप्पट करा: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. दोन्हीकडे ऑक्सिजनचे २६ अणू.

रेणुसूत्रातला खालचा अंक मात्र कधीच बदलू नका. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवलात, तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!