'मॉयटी होल्डर' म्हणजे वारसदार नव्हे

दिरांचा हिशेब गोव्यात लागू पडत नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या फोंड्याच्या घराच्या विक्रीखताचा मसुदा आलाय, त्यात सासूबाईंच्या नावापुढे 'विडो अँड मॉयटी होल्डर' लिहिलंय, आणि दीर म्हणतात की आई व तीन मुलं मिळून चार वारस, म्हणजे प्रत्येकाला पाव. हा पाव हिस्सा मुंबई-पुण्याचा. तिथे हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा आणि मुलं बरोबरीने वारस होतात. गोव्यात तो कायदा नाही.

मॉयटी म्हणजे निम्मा भाग. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला जुना शब्द, मूळ लॅटिन. इतरत्र तो कोशातच पडून असतो. आपल्याकडे मात्र रजिस्ट्रीत रोजचा, कारण पोर्तुगीज कागदांतल्या 'मेआसांव'च्या (जोडीदाराच्या निम्म्या हक्काच्या) जागी इंग्रजी दस्तांनी हाच उचलला.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून आहे, आणि मुक्तीनंतरही तो चालू ठेवला गेला; त्यातल्या वारसाच्या भागाची जागा पुढे गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने घेतली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, वडिलोपार्जित धरून, आणि तिच्यात दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. म्हणजे सासऱ्यांच्या मृत्यूमुळे सासूबाईंना अर्धं घर मिळालं असं नाही. ते लग्नापासूनच त्यांचं होतं. वारसा उघडला तो फक्त सासऱ्यांच्या अर्ध्याचा, आणि तो मुलांकडे गेला. सासूबाई १/२, तिघं मुलं प्रत्येकी १/६. मृत्युपत्र असतं तरी सासऱ्यांना आपल्या अर्ध्यातला अर्धाच मनासारखा देता आला असता, कारण उरलेला मुलांसाठी राखीव. सासूबाईंच्या अर्ध्याला त्यांना हातही लावता आला नसता.

हीच गोष्ट खाली मुलांनाही लागते. तुमच्या यजमानांच्या १/६ मध्ये तुमची मॉयटी आहे, म्हणजे १/१२. म्हणून तर आपल्याकडच्या विक्रीखतात सुना-जावयांची एवढी गर्दी. प्रत्येक नावापुढे 'मॅरीड अंडर द रिजीम ऑफ कम्युनियन ऑफ ॲसेट्स', म्हणजे मालमत्ता एकत्र धरणारं लग्न, असं लिहितात आणि दोघांच्या सह्या घेतात. बाहेरगावचे खरेदीदार ते बघून बिचकतात. जावयाची सही कशाला, म्हणून वाद घालणारेही पाहिलेत.

आयकरातही हेच. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी खास कलम ५अ घातलं गेलं: घरभाडं, व्याज वगैरे उत्पन्न दोघांत निम्मं वाटून दाखवायचं, पगार मात्र ज्याचा त्याचा. गंमत म्हणजे त्या कलमात पोर्तुगीज कायद्याचं साल १८६० छापलंय!

तुम्ही विचारलंय, साध्या इंग्रजी लिखाणात 'मॉयटी' हा शब्द वापरावा का. माझं मत, नको. अर्थ निसरडा आहे. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या पहिल्या भागात राज्याचे तीन वाटे पडतात आणि हॉटस्पर कुरकुरतो की माझी 'मॉयटी' लहान आली. म्हणजे तिथे तो नुसता 'वाटा'. रसायनशास्त्रात रेणूच्या एखाद्या भागाला मॉयटी म्हणतात, तिथेही निम्म्याशी संबंध नाही. मानववंशशास्त्रात मात्र समाजाच्या दोन कुळगटांपैकी एक, असा नेमका अर्थ. दस्ताबाहेर 'हाफ' किंवा 'शेअर' लिहा, कुणी अडणार नाही.

आता मसुद्याचं. नुसत्या 'मॉयटी होल्डर' या दोन शब्दांवर समाधान मानू नका. वकिलांना अपूर्णांक लिहायला सांगा: सासूबाईंच्या नावापुढे १/२, मुलगा-सून किंवा मुलगी-जावई अशा प्रत्येक जोडीपुढे १/६. आणि 'मॉयटी होल्डर अँड लीगल एअर' असं जोडून लिहिलं असेल तर ते 'अँड लीगल एअर' (म्हणजे 'आणि कायदेशीर वारस') काढायला लावा, नाहीतर उद्या कुणीतरी सासूबाईंना पुन्हा वारसांत मोजेल. सासऱ्यांच्या मागे वारस कोण हे ठरवणारा दस्त स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे असे दस्त करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, झालाय का, तेही विचारा. झाला नसेल आणि भावंडांत वाद असेल, तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी मागणारा दावा, घालावी लागेल. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा नोंदणी दाखला हाताशी ठेवा, लग्नाआधी करार झाला होता का हा प्रश्न तिथूनच निघतो.