सिएनाला गेलास की आधी सेक्शन काढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या सिएनाच्या मुख्य चौकासाठी, म्हणजे पियाझ्झा देल काम्पोसाठी किती वेळ ठेवू, असं विचारलं आहेस. अख्खा दिवस ठेव. मात्र तो दिवस २ जुलै किंवा १६ ऑगस्टच्या आसपासचा नको. तेव्हा पालिओ, म्हणजे घोड्यांची शर्यत असते. चौकाच्या कडेने माती अंथरलेली असते, माणसांची ही गर्दी, आणि ज्या फरशीसाठी तू जाणार ती धड दिसतही नाही.

पोचल्या पोचल्या मान वर करून तोर्रे देल मांजा या टॉवरचे फोटो काढत बसू नकोस. आधी पायाखाली बघ. चौक सपाट नाही, शिंपल्यासारखा खोलगट आहे. लाल विटांची हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरपी रचलेली फरशी, तिच्यात फिकट ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या पट्ट्या आणि त्यांनी पाडलेले नऊ भाग. १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता, त्याची ही खूण. गाइड एवढं सांगून पुढे निघतो. तू मात्र एकेका पट्टीवरून खाली चालत जा. सगळ्या पट्ट्या पालाझ्झो पुब्लिको या नगरसभागृहासमोर एका जागी येऊन मिळतात, आणि तिथे आहे पाणी जायचं तोंड. त्याला तिथले लोक गाविनोने म्हणतात. एवढ्या देखण्या चौकाचा केंद्रबिंदू म्हणजे गटाराचं तोंड! मला तर याचं फार कौतुक वाटतं.

म्हणून वहीत पहिला काढायचा तो सेक्शन, म्हणजे चौकाचा उभा छेद; एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं रूप, नंतर. वरच्या अंगाला फोंते गाया हे कारंजं घे. डोंगरमाथ्यावरच्या या शहराला नदी नाही. पाणी येतं ते जमिनीखालच्या बोत्तिनी नावाच्या बोगद्यांतून, आणि हे जाळं सुमारे २५ किलोमीटरचं आहे. कारंज्यावरची शिल्पं एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृती आहेत. शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चाची मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या इस्पितळातल्या संग्रहालयात ठेवली आहेत, ती चुकवू नकोस.

डीसी रूल्सच्या, म्हणजे आपल्याकडच्या बांधकाम नियमांच्या नावाने तू कायम बोटं मोडतोस, म्हणून मुद्दाम सांगतो. १२९७ मध्येच सिएनाने नियम केला होता: काम्पोकडे तोंड असलेल्या घरांना पुढे गॅलऱ्या काढायच्या नाहीत आणि खिडक्या बारीक खांबांच्याच ठेवायच्या. सान्सेदोनी घराण्याच्या वाड्याचा दर्शनी भाग बघ, चौकाच्या वळणाबरोबर तोही वळलाय. हा चौक अमक्या आर्किटेक्टने बांधला असं म्हणायची सोयच नाही. त्याला आकार आला तो चढउतारामुळे आणि या नियमांमुळे.

पालाझ्झोच्या आत, ते नऊ जण ज्या दालनात बसत तिथे आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीची १३३८-३९ मधली भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या चांगल्या कारभाराच्या शहराच्या चित्रात वरच्या बाजूला नीट शोध, परांचीवर गवंडी बांधकाम करताना सापडतील. राज्य चांगलं चाललंय हे दाखवायला चित्रकाराला गवंडी लागले, हे मला फार आवडतं.

टॉवर चढायलाच हवा असं काही नाही. त्यापेक्षा कॅथेड्रलच्या फाच्चातोनेवर, म्हणजे अर्धवट राहिलेल्या दर्शनी भिंतीवर चढ. १३३९ मध्ये कॅथेड्रल इतकं वाढवायचं ठरलं होतं, की आजची मोठी इमारत त्याची नुसती आडवी भुजा ठरली असती. १३४८ च्या प्लेगने निम्मं शहर ओस पाडलं, बांधकामातही दोष निघाले आणि काम थांबलं. उरली ती ही भिंत आणि बाजूच्या काही कमानी. वरून काम्पो आणि कॅथेड्रल दोन्ही दिसतात, शिवाय अर्धवट राहिलेला प्लॅनही वाचता येतो.

संध्याकाळी पालाझ्झोच्या मागे, पियाझ्झा देल मेर्कातोत उतर. जमीन तिकडे दरीकडे घसरत जाते. पुढून बेताची वाटणारी इमारत मागून केवढी उंच उचलून धरली आहे ते तिथेच कळतं. तुझ्या सेक्शनमध्ये हा भाग आला नसेल, तर कागद जोडून पुढे काढ आणि मला पाठव. माप पावलांनी मोजलंस तरी चालेल.

तुझे,
सर