सातबाऱ्यावरचा कंसातला आकडा

सप्रेम आशीर्वाद.

वकिलांच्या ऑफिसात मालमत्तेचं काम शिकायचंय, तर कायद्याचं कुठलं पुस्तक आधी घेऊ, असं विचारलंस. पुस्तकं लागतीलच. पण आधी एक सातबारा समोर घे. नमुना सातमध्ये खातेदाराचं नाव आणि क्षेत्र, बारामध्ये पिकं. नावाजवळ कंसात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. हे नाव इथं कसं लागलं, ते त्या फेरफारात लिहिलेलं असतं. तो काढून वाच, मग त्याच्या आधीचा. निदान 30 वर्षं मागे जायची पद्धत आहे. आपल्या कामाचा जीव यातच आहे.

नवीन असताना माझ्याकडे एका शेतजमिनीच्या मालकीचा शोध घ्यायचं काम आलं होतं. सातबाऱ्यावर एकच नाव, कर्जाचा बोजा नाही, इतर अधिकाराचा रकाना कोरा. मी एका दुपारीच अहवाल लिहून टाकला. आमच्या वकीलबाईंनी तो बाजूला ठेवला आणि जुने फेरफार आणायला मला परत पाठवलं. कडा झिजलेल्या नोंदवहीत वारसनोंद सापडली: मयताला तीन मुलगे, एक मुलगी, आणि थोरल्याच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘ए.कु.मॅ.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव त्याचं, पण लागलेलं सगळ्यांच्या वतीने. पुढे कधीतरी नक्कल उतरवताना ती तीन अक्षरं गळली होती. भावंडांचा हक्क मात्र गळला नव्हता. माझ्या अहवालावर विसंबून एका कुटुंबाने आपली सगळी पुंजी त्या जमिनीत घातली असती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हापासून मी वारसनोंदीत बहिणी आधी शोधतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. ‘बहिणींनी कधीच सोडलंय’ असं कोणी सांगितलं, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र माग. आणि हेही पक्कं धर की सातबारा हा महसुली कागद आहे. जमीन महसूल संहितेचं कलम 157 त्यातली नोंद खरी धरतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

आता पुस्तकं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 54 सावकाश वाच, दोनदा वाच. खरेदीखत आणि साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, यांतला फरक तिथं आहे. साठेखताने मालकी जात नाही, आणि निम्मे तंटे या एका वाक्यात गोंधळ झाल्याने उभे राहतात असं माझं मत आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यातली 17, 23 आणि 49 ही कलमं कर: कोणता दस्त नोंदवावाच लागतो, किती मुदतीत, आणि न नोंदवल्यास काय. दस्त नोंदवला म्हणून विकणारा खरा मालक ठरत नाही, हे विसरू नकोस. मुद्रांक शुल्काचे दर पाठ करत बसू नकोस, ते बदलत राहतात. फ्लॅटचं काम आलं तर 2016 चा रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचा कायदा, त्यातलं कलम 13: करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन, असं दिसलं की तिथंच थांब आणि वकिलांना दाखव.

अहवालात जे पाहिलंस तेच लिही. एखाद्या वर्षाची सूची 2, म्हणजे नोंदणी कार्यालयातली दस्तांची यादी, फाटलेली असेल, तर ‘पाहण्यास उपलब्ध नाही’ असं वर्षासकट लिही. चतुःसीमा दस्तातून जशीच्या तशी उतरव, आपल्या मनाने दुरुस्त करू नकोस. पक्षकार जवळ बसून हळूच विचारेल, ‘घेऊ ना ही जमीन?’ त्याचं उत्तर देण्याचा अधिकार तुला नाही. त्याला आत वकिलांकडे ने.

घरात कुणाच्या नावावर शेत असेल तर तोच सातबारा घे. मागे मागे जात सगळ्यात जुना जो फेरफार हाती लागेल, त्याचा क्रमांक आणि त्यातली नावं मला पुढच्या पत्रात कळव.