एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनल शर्यतीवर पैसे लावण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. ऑफिसातल्या मंडळींनी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) मैदानावर होणाऱ्या ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रत्येकी दोन पौंड काढून घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलायचे ठरवले आहे, त्यात भाग घ्यावा का, आणि शिवाय फोनवर बेटिंगचे ॲप घेऊन स्वतंत्रपणे पैसे लावावेत का, असे तू विचारले आहेस. त्याखाली, जणू तो निराळाच विषय असावा अशा रीतीने, या शर्यतीत घोडे मरतात हे खरे का, असाही प्रश्न केला आहेस. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या गोष्टींमुळे ही शर्यत पैसे लावणाऱ्याला भुरळ घालते, त्याच गोष्टी घोड्याच्या जिवावर बेततात. बेटिंगच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट बाहेरच्या गिऱ्हाइकापेक्षा थोडी लवकर दिसते, इतकेच.

महालक्ष्मीला डर्बी पाहिलेला माणूस एन्ट्रीला आला, तर आपण त्याच खेळाला आलो आहोत यावर त्याचा विश्वास बसणार नाही. भारतीय डर्बी सपाट हिरवळीवर 2400 मीटरची असते आणि दोनअडीच मिनिटांत आटोपते. लिव्हरपूलच्या वेशीवरची ही शर्यत मात्र सुमारे 6900 मीटरची आहे. मैदानाला दोन फेऱ्या मारताना घोड्याला 30 अडथळे ओलांडावे लागतात, आणि पाठीवर 70 किलोंच्या आसपास ओझे असते. ही हँडिकॅप शर्यत आहे, म्हणजे घोडा जितका चांगला, तितके वजन जास्त. त्यामुळे उत्तम घोडा आणि बेताचा घोडा मुद्दामच एका पातळीवर आणले जातात, आणि निकाल सांगता येऊ नये हाच सारा बेत असतो.

अडथळ्यांपैकी बीचर्स ब्रुकचे नाव तू ऐकशीलच. 1839 च्या शर्यतीत कॅप्टन बीचर नावाचा स्वार तिथल्या ओढ्यात पडला, म्हणून हे नाव पडले. या अडथळ्याची गोम अशी की, पलीकडची जमीन अलीकडच्या जमिनीपेक्षा खाली आहे. उडी घेताना घोड्याला समोर फक्त हिरवी भिंत दिसते. पाय टेकायची वेळ येते तेव्हा अपेक्षित जागी जमीन नसते, आणि अर्धा टन वजनाचे जनावर पुढच्या एका पायावर, मग दुसऱ्यावर, खाली येते. हा उतार गेल्या काही दशकांत अनेकदा भरून कमी केला आहे, तरी तो पुरता गेलेला नाही. घोड्याचा पाय मोडला तर त्याला माणसासारखे महिनोन्महिने पडून राहता येत नाही. उरलेल्या तीन पायांवर सारा भार येऊन तेही बिघडतात, आणि म्हणून हाड वाईट रीतीने मोडले की पशुवैद्याजवळ बहुधा एकच उपाय उरतो. मैदानावर हिरवे पडदे उभे राहिलेले दिसले, तर त्यांचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

आता आकडे. 2011 साली मुख्य शर्यतीत दोन घोडे गेले, आणि दुसऱ्या फेरीत बाकीच्यांना दोन अडथळे वगळून बाजूने न्यावे लागले, कारण त्या अडथळ्यांपाशी ते मेलेले घोडे होते. 2012 ला पुन्हा दोन. मग अडथळ्यांच्या आतले लाकडी सांगाडे काढून लवचीक प्लॅस्टिकचे बसवले गेले, आणि 2013 ते 2018 या काळात मुख्य शर्यतीत एकही घोडा दगावला नाही. त्यानंतर 2019 ला एक, 2021 ला एक, 2022 ला दोन, 2023 ला एक. 2023 च्या त्या दिवशी प्राणिहक्कवाल्या आंदोलकांनी कुंपण ओलांडून शर्यतच काही मिनिटे रोखून धरली होती, आणि पोलिसांनी शंभराहून अधिक लोकांना अटक केली.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये संयोजकांनी बदल जाहीर केले. धावणाऱ्या घोड्यांची कमाल संख्या 40 वरून 34 केली, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणला म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत घोड्यांचा वेग फार वाढू नये, शर्यतीची वेळ अलीकडे आणली, आणि घोड्याला प्रवेशासाठी लागणारे किमान रेटिंगही (आधीच्या कामगिरीवरून मिळणारे गुण) वाढवले. 2024 ला कोणताही घोडा पडला नाही. यावरून प्रश्न सुटला असे कोणाला वाटले असेल, तर 2025 ला 13 वर्षांचा सेलेब्र दालें हा घोडा शर्यतीच्या अखेरीला कोसळला आणि उपचार चालू असताना काही दिवसांनी मरण पावला. घोड्यात काही त्राण उरले नसताना त्याला पळवत ठेवल्याबद्दल पंचांनी त्याच्या जॉकीवर त्याच दिवशी दहा दिवसांची बंदी घातली.

हे सारे सांगून मी पैशाकडे वळतो, कारण माझा मुद्दा इथेच आहे. 1967 साली एका अडथळ्यापाशी स्वाराविना मोकळ्या धावणाऱ्या घोड्यांमुळे सगळा ताफा एकमेकांवर आदळला, आणि फार मागे असलेला फॉइनेव्हन त्या गोंधळातून वाट काढून एकास 100 या भावाने, म्हणजे एका पौंडावर शंभर पौंड नफा, जिंकला. ही कथा इंग्लंडातल्या प्रत्येक पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, पाठ असते आणि ती मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. पण ती कथा म्हणजे दुसरे काय आहे? बाकीच्या घोड्यांची एक सामूहिक दुर्घटना. कोणीही जिंकू शकते, हे ज्या शर्यतीबद्दल म्हणता येते, तिथे कोणीही पडू शकते हेही आलेच. नवे नियम आल्यावर रेसच्या वर्तुळात जी कुरकुर ऐकू आली, तीही लक्षात घेण्याजोगी आहे: घोडे कमी झाले, कमकुवत घोडे गाळले गेले, आता मोठ्या तबेल्यांचीच चलती होणार, गंमत गेली. 2024 आणि 2025 ही दोन्ही वर्षे आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांच्या घोड्यांनी जिंकली, आणि 2025 ला पहिले तिन्ही घोडे त्यांचेच होते. सुरक्षितता वाढली की पैजेचा रंग थोडा फिका होतो, हे या तक्रारीतूनच उघड होते. फिका झालेला रंग मला चालतो.

आता हिशेब. समज, 34 घोडे अगदी सारख्या ताकदीचे आहेत. तर प्रत्येकाचा न्याय्य भाव एकास 33 होईल. बुकी तसा भाव सगळ्यांना कधीच देत नाही. फळ्यावरचा प्रत्येक भाव टक्क्यात बदलून बेरीज केलीस, म्हणजे एकास 7 असेल तर साडेबारा टक्के, एकास 19 असेल तर पाच टक्के, तर ती बेरीज शंभराच्या बरीच पुढे जाते, आणि शंभरावरचा तो भाग दुकानाचा. 'ईच वे' लावशील तर पाच पौंडांच्या पैजेला दहा पौंड पडतात, हे पहिल्यांदा येणाऱ्या कित्येकांना काउंटरवर कळत असे. यातले निम्मे पैसे घोडा जिंकण्यावर आणि निम्मे तो पहिल्या चार-पाचांत येण्यावर. एकास 20 चा घोडा तिसरा आला आणि जागेसाठी, म्हणजे त्या पहिल्या काहींत येण्यासाठी, पाचवा हिस्सा भाव (एकास 4) असेल, तर पाचाचे पंचवीस परत येतात आणि जिंकण्यावरचे पाच बुडतात.

नॅशनलच्या सकाळी दुकानात येणारे बहुतेक लोक वर्षातून एकदाच येणारे असत. पावतीवर घोड्याचे नाव, 'ईच वे'समोर एक फुली, आणि दुकानातल्या त्या वीतभरसुद्धा नसलेल्या निळ्या पेनने लिहिलेली रक्कम: पन्नास पेन्स, एक पौंड, फार तर पाच. नातवाच्या नावाशी जुळणारा घोडा, हिरव्या टोपीचा जॉकी, असे काहीतरी कारण. ही माणसे शर्यत पाहायची आणि पुढल्या एप्रिलपर्यंत दिसायची नाहीत. त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटायची ती सोमवारी परत येणाऱ्याची.

फोनवरचे ॲप हे त्या सोमवारासाठीच बनवलेले असते. नॅशनलच्या आठवड्यात नव्या खात्यावर फुकट पैज मिळते, जास्त जागांना पैसे देण्याची हमी मिळते. शनिवारी संध्याकाळी शर्यत संपते, पण खाते उघडेच राहते, आणि त्याच पडद्यावर मंगळवारच्या कुठल्याशा आडगावच्या रेसेस, फुटबॉल आणि कसिनो तुझी वाट पाहत असतात. म्हणून ऑफिसातली चिठ्ठी अवश्य घे, कारण तिथे 34 जणांचा गल्ला पूर्णच्या पूर्ण जिंकणाऱ्यांत वाटला जातो आणि मध्ये कोणी कमिशन खात नाही. ॲप मात्र घेऊ नकोस. कधी घेतलेसच आणि आवरत नाही असे वाटले, तर गॅमस्टॉपवर नाव नोंदव. ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन बुकींची दारे त्याने एकदम बंद होतात, कमीत कमी सहा महिने.

तुझे सहकारी तुला काही युक्तिवाद ऐकवतील. घोड्याला धावायला आवडते; बघ, जॉकी पडला तरी तो इतरांबरोबर उड्या मारतच राहतो. याचे उत्तर 2012 च्या सिंक्रोनाइज्डमध्ये आहे. त्याच वर्षी चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकलेला हा घोडा बीचर्सला पडला, उठला, स्वाराविना कळपामागे धावत राहिला आणि पुढच्या एका अडथळ्यावर पाय मोडून घेतला. कळपात राहणे ही घोड्याची प्रकृती आहे. तिला आवड म्हणणे सोयीचे आहे. जॉकीला धोका माहीत असतो आणि तो स्वीकारून तो खोगिरावर बसतो, घोड्याला कोणी विचारलेले नसते. दुसरा युक्तिवाद मात्र मला जड वाटतो: ही शर्यत नसती, तर या जातीचे घोडे पोसले कोणी असते? तबेल्यात त्यांची जी निगा राखली जाते, ती मी जवळून पाहिली आहे आणि ती खोटी नाही. पण जनावर पोसल्याने त्याच्या जिवावर हक्क मिळतो, हे मला मान्य नाही.

कोणीतरी बैलगाडा शर्यतींचा विषय तुझ्या तोंडावर टाकेल, आणि तो टाकणे रास्तच आहे. आपल्याकडे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, आणि 2023 ला घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तेव्हा एन्ट्रीकडे बोट दाखवताना गावच्या घाटातल्या बैलाच्या शेपटीचे काय होते, हेही विचारात घ्यायला हवे. दोन्हीकडे परंपरेचे नाव घेतले जाते.

एक विचित्र गोष्ट तुला सांगायची राहिली. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांतून बुकींना होणाऱ्या ढोबळ नफ्यावर (लावलेले पैसे वजा जिंकणाऱ्यांना दिलेले पैसे), पाच लाख पौंडांच्या पुढच्या रकमेवर, 10 टक्के लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, रेसिंगला मिळते, आणि तिच्यातून बक्षिसांबरोबरच घोड्यांच्या वैद्यकीय संशोधनालाही पैसा जातो. संशोधनाचा उपयोग होतो हेही खरे आहे. घोड्याला नारंगी रंग नीट वेगळा ओळखता येत नाही असे अभ्यासात दिसल्यावर, ब्रिटनभर अडथळ्यांवरच्या नारंगी फळ्या पांढऱ्या केल्या गेल्या. म्हणजे पंटर हरतो, त्यातून घोड्याचा डॉक्टर पोसला जातो. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत आजही दर हजार धावांमागे ढोबळमानाने चार घोडे जिवाला मुकतात, आणि त्यांतले बहुतेक अशा दुपारी जातात, जेव्हा टीव्हीवर कोणी पाहत नसते. एन्ट्रीवर संतापणाऱ्यांनी त्या दुपारींकडेही पाहिले पाहिजे.

शनिवारी शर्यत पाहिलीस, तर विजेत्यापाशी थांबू नकोस. दुसऱ्या दिवशी पूर्ण निकालाचा तक्ता उघड. न पोहोचलेल्या घोड्यांपुढे अक्षरे असतात: 'एफ' म्हणजे पडला, 'यू' म्हणजे स्वार खाली आला, 'बी' म्हणजे दुसऱ्यामुळे पाडला गेला, आणि 'पी' म्हणजे जॉकीने स्वतःहून थांबवला. ऑफिसात 'पी' आलेल्या घोड्याची चिठ्ठी ज्याच्याकडे असेल, तो जॉकीच्या नावाने खडे फोडेल. मला विचारशील तर त्या तक्त्यात मी आधी 'पी' मोजतो. दमलेल्या घोड्याला वेळेवर थांबवणारे जॉकी त्या दिवशी मैदानात किती होते, ते तिथे दिसते. मग बातमीत एवढेच बघ की 'एफ' आणि 'बी' आलेले सगळे तबेल्यात परतले का. कळव, मी फोनची वाट पाहीन.

तुझे
काका