पायऱ्या तुम्ही मोजल्यात, हे बरं केलंत

ताई, हे नुकतेच निवृत्त झाले. फेब्रुवारीत आम्ही थायलंडच्या कोह फांगान बेटावर बारा दिवस राहून आलो. तेव्हापासून राहतं घर विकायचं आणि तिथे समुद्राकाठी बंगला घ्यायचा, असं यांनी मनाशी पक्कं केलंय. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पण रस्त्यापासून त्या बंगल्यापर्यंत ६२ पायऱ्या आहेत आणि माझा गुडघा दुखतो. मी ६३ ची, हे ६५ चे. नाही म्हटलं तर ३६ वर्षं राबलेल्या माणसाचं स्वप्न मी मोडलं असं होईल. हो म्हणायला जीभ रेटत नाही.
– द्विधेत सापडलेली

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचताना मी त्या ६२ पायऱ्यांपाशी थांबले. नुसत्या सुटीला गेलेलं माणूस पायऱ्या मोजत बसत नाही. इथे राहायचं झालं तर कसं, हे मनात आलं की मग मोजतं. तेव्हा स्वप्न मोडल्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. त्या घरात राहून बघायला तुम्ही यजमानांच्या आधी सुरुवात केलीत, एवढंच.

पहिलं सांगणं: राहतं घर इतक्यात विकू नका. यावर मी अडून बसेन. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट होतो, तोही इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. बंगल्याची जमीन बहुधा ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. ‘तिथल्या कुणाच्या तरी नावावर घेऊ’ असं कुणी सुचवलं, तर तिथून उठून या. ते कायद्यात बसत नाही. म्हणजे आज जे घर तुमच्या मालकीचं आहे, ते देऊन तुम्ही मुदतीचा हक्क घेणार. शिवाय निवृत्तांचा मुक्काम दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बात (थायलंडचं चलन) किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न दाखवायचं, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा.

हे नियम कायम राहतील असंही धरून चालू नका. शेजारच्या मलेशियाने २००२ मध्ये परदेशी लोकांसाठी दीर्घ मुक्कामाची योजना काढली. पेनांग बेटावर कितीतरी जण त्या भरवशावर गेले. २०२१ मध्ये मासिक उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर नेली. असं झालं तर परतायला स्वतःचं दार हवं.

आता हवामान. फेब्रुवारीत ते बेट सगळ्यात कोरडं असतं. त्या बाजूचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि नोव्हेंबरात सर्वात जास्त. समुद्र खवळला की बोटी बंद. बेटावर विमानतळ नाही. गंभीर आजाऱ्याला शेजारच्या कोह सामुईला किंवा मुख्य भूमीवर हलवावं लागतं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे सगळं एका कागदावर मांडा आणि दोघांनी मिळून बघा. (पेनांगचं नाव मी मुद्दाम घेतलं. ते बेट १९८५ पासून पुलाने मुख्य भूमीशी जोडलेलं आहे. तिथला रोगी बोटीची वाट बघत नाही.)

पण तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मला जास्त सतावते. दोघांपैकी एक आधी जाणार. मागे राहिलेल्याने तिथे कसं राहायचं? मुक्कामाचा परवाना यजमानांच्या नावावर आणि तुम्ही त्यांच्यावर अवलंबून, अशी नोंद असेल, तर त्यांच्या पश्चात तुम्हाला स्वतःच्या नावाने सगळं पुन्हा उभं करावं लागेल. तेही दुःखात, परक्या भाषेत, बँकेतले पैसे अडकलेले असताना. तेव्हा खातं कुणाचं, मृत्युपत्र कुठल्या देशातलं, विमा कुणाचा, हे आधी ठरू द्या. साठीनंतर नवा आरोग्यविमा मिळणं अवघड असतं आणि जुनी दुखणी त्यातून बरेचदा वगळलेली असतात. हे बोलणं जड जाईल, पण ते तुम्हीच काढा. यजमान आत्ता आनंदात आहेत, त्यांना ते सुचणार नाही.

आणि त्यांना नाही म्हणू नका, खरंच नको. ३६ वर्षं घड्याळाला बांधलेल्या माणसाला समुद्र हवासा वाटतो, त्यात खोट काय? त्यांना म्हणा, ‘जाऊ या, पण ऑक्टोबर ते डिसेंबर, भाड्याने.’ तीन महिने बाजार स्वतः करा, पिशव्या स्वतः उचला. एका पावसाळी रात्री दवाखान्यात फोन करून विचारा, आत्ता निघालो तर कसं पोहोचायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पाहण्यासारखं सगळं पाहून झाल्यावर, दुपारी चार वाजता दोघं काय करता ते बघा. त्यानंतरही ते बेट दोघांना हवंसं वाटलं, तर मला पुन्हा लिहा; मी तुमच्याइतकीच खूश होईन.

तोवर नोव्हेंबरसाठी खोली बघायला घ्या. तळमजल्यावरची.

– तुमची ताई